थुंकीची नळी आणि रंगाची कढई: मूत्राशयाच्या कर्करोगाची जोखीम सांगणाऱ्या एका चाचणीचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात साडेआठ हजार रुपये भरून मी एक जनुकीय चाचणी करून घेतली. लाळेच्या एका नमुन्यावरून मूत्राशयाचा कर्करोग होण्याची माझी जन्मजात शक्यता किती आहे, हे ती सांगेल असा कंपनीचा दावा होता. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच माल विकणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच झाल्या आहेत आणि माझे भांडण एका दुकानाशी नसून या मालाच्या जातीशी आहे. परीक्षण लिहिण्याचे कारण इतकेच की पैसे भरण्यापूर्वी मला जे कोणी सांगायला हवे होते, ते नंतर दुसऱ्या ठिकाणी, आणखी पैसे भरून, कळले.

चाचणी घेण्याचे निमित्त घरातलेच होते. माझ्या वडिलांना २००९ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हा आजार झाला. मे महिना होता. लघवी लालसर होते आहे असे त्यांनी आईला सांगितले, तेव्हा नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी जे ठरते तेच आमच्याकडेही ठरले: उन्हाळी लागली. सब्जा, धन्याचे पाणी आणि ताक सुरू झाले. रंग दोन दिवसांत निवळला, तीन आठवड्यांनी पुन्हा आला, पुन्हा निवळला. उन्हाळी लागली की लघवीला आग होते, माणूस कळवळतो; बाबांना काहीच दुखत नव्हते, आणि दुखत नव्हते म्हणूनच आम्ही निर्धास्त राहिलो. दुर्बिणीने तपासणी होईपर्यंत गणपती आले होते. वेदनेवाचून लघवीतून रक्त जाणे हे या आजाराचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण असते आणि ते मध्येच थांबते हाच त्याचा फसवेपणा असतो, हे आम्हाला तेव्हा समजले. बाबा त्यानंतर सहा वर्षे होते. मी आता चौपन्न वर्षांचा आहे, आणि वडिलांच्या आजाराचे वय जवळ येऊ लागले की माणूस अशा जाहिराती जरा थांबून वाचतो.

सेवेचा व्यवहारी भाग चांगला होता, हे आधी मान्य केले पाहिजे. नमुना धंतोलीतल्या एका संकलन केंद्रात द्यावा लागतो. गाडी लावायला जागा मिळत नाही, पण तो दोष धंतोलीचा आहे. नमुन्यापूर्वी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नसते. माझ्या पुढच्या गृहस्थांनी बाहेर जाऊन तोंडातला खर्रा थुंकला आणि लगेच नळी हातात घेतली, तेव्हा केंद्रातल्या मुलीने “काका, अजून अर्धा तास” असे म्हणून त्यांना नम्रपणे परत खुर्चीत बसवले. नळीवरचे नाव, जन्मतारीख आणि क्रमांक तिने मला मोठ्याने वाचून दाखवले. अहवाल एकवीस दिवसांत येणार होता, तो सदतिसाव्या दिवशी आला. मधल्या काळात विचारणा केल्यास उत्तर मिळत होते. इथवर तक्रार नाही.

अहवाल सेहेचाळीस पानांचा आहे. त्यात मूत्राशयाला मिळालेली पाने चार. उरलेल्या पानांत केस गळण्यापासून दूध पचण्यापर्यंत सर्व काही आहे. मूत्राशयाच्या पानावर नारिंगी रंगाची तबकडी असून तिचा काटा उजवीकडे झुकलेला आहे आणि खाली लिहिले आहे: आपली जोखीम सरासरीच्या १.४ पट. मराठी सारांशही दिला आहे, परंतु तो यंत्राने केलेला असावा, कारण त्यात वाहक, म्हणजे सदोष जनुक अंगात बाळगणारा माणूस, याचा अर्थ एके ठिकाणी बसचा वाहक असावा असे वाक्य आहे. तो विनोद सोडून देऊ.

१.४ पट हा आकडा वाचून माझी पत्नी दोन दिवस नीट जेवली नाही. वास्तविक कशाच्या १.४ पट हे त्या चार पानांत कोठेही नाही. समजा एखाद्या गावातल्या हजार पुरुषांपैकी पाच जणांना आयुष्यात हा आजार होत असेल, तर १.४ पट म्हणजे हजारात सात. उरलेले नऊशे त्र्याण्णव जण दोन्ही हिशेबांत सुटतात. हे पाच आणि सात मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण असा साधा हिशेब अहवालात मांडला असता तर आमच्या घरातली दोन दिवसांची उपासमार टळली असती. जगात २०२२ साली या आजाराचे सुमारे सहा लाख चौदा हजार नवे रुग्ण आणि सुमारे दोन लाख वीस हजार मृत्यू नोंदले गेल्याचा अंदाज आहे, रुग्णांपैकी साधारण तीन चतुर्थांश पुरुष आहेत, आणि भारतात त्याचे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने बरेच कमी आहे. पुरुष असणे हीच एक मोठी जोखीम आहे, आणि ती सांगायला लाळ लागत नाही.

आता त्या १.४ पटीच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण अहवालाचा खरा कस येथे लागतो. पहिली नोंद ‘नॅट-२’ या जनुकाची होती. या जनुकाच्या आज्ञेवरून यकृतात एक विकर (एन्झाइम) तयार होते आणि तंबाखूच्या धुरातून किंवा रंगद्रव्यांतून शरीरात शिरणाऱ्या अरोमॅटिक अमाइन नावाच्या विषारी रसायनांना ते निकामी करते. काहींचे हे विकर जलद काम करते, काहींचे मंद. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हे औषधही याच विकराने निकामी होते, म्हणून मंद गटातल्या रुग्णांच्या हातापायांना त्या औषधाने मुंग्या येण्याचा संभव अधिक असतो. डॉक्टरांना हा भेद अनेक दशके ठाऊक आहे. मी मंद गटात आहे. अहवालाने ती ओळ लाल अक्षरांत छापली आहे, परंतु युरोपीय वंशाच्या लोकांत जवळपास निम्मी किंवा त्याहून अधिक माणसे मंद गटात असतात आणि आपल्याकडेही त्यांचे प्रमाण मोठे आहे, ही गोष्ट लाल किंवा काळ्या कोणत्याच अक्षरांत नाही. प्रत्येक दुसऱ्या माणसाला लागू पडणाऱ्या गोष्टीला माझे वैशिष्ट्य म्हणून विकणे हे ज्योतिषाला शोभते.

दुसरी नोंद ‘जीएसटीएम-१’ या जनुकाची आहे, जे काही लोकांत पूर्णपणे गळालेले असते आणि माझ्यात ते गळालेले आहे. या दोन्ही गोष्टींचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध आहे, हे खोटे नाही. स्पेनमधल्या मोठ्या पाहणीवर आधारलेला आणि २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास तेच सांगतो. मात्र त्याच अभ्यासाने हेही दाखवले की मंद विकराचा तोटा मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांना होतो. विषच आले नाही तर ते हळू निकामी झाले काय आणि जलद झाले काय, फारसा फरक पडत नाही. म्हणजे ही नोंद एकटी वाचताच येत नाही; तिच्या शेजारी माणसाचा धूर आणि धंदा लिहिलेला असावा लागतो. आणि धंद्याची गोष्ट तर याहून गमतीची आहे. चीनमध्ये बेन्झिडिन हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांचा जो अभ्यास झाला, त्यात मंद गटातल्या कामगारांना अधिक धोका असल्याचे दिसलेच नाही, कारण बेन्झिडिनच्या बाबतीत हे विकर जी प्रक्रिया करते ती त्या रसायनाला निकामी करण्याऐवजी अधिक घातक बनवणाऱ्या वाटेवरची पायरी असावी असे मानले जाते. एकाच जनुकाचा अर्थ बिडी ओढणाऱ्यासाठी एक आणि बेन्झिडिनच्या कामगारासाठी दुसरा. अहवालाने मला या दोहोंपैकी कोणत्या माणसात धरले, हे विचारण्यासाठी मी प्रश्नावली पुन्हा उघडून पाहिली.

प्रश्नावलीत बत्तीस प्रश्न होते. मी योगासने करतो का, शाकाहारी आहे का, दिवसाला किती पेले पाणी पितो, झोप किती तास लागते, हे सर्व विचारले होते. तंबाखूविषयी एकच प्रश्न होता, हो किंवा नाही अशा उत्तराचा. मी सोळा वर्षे सिगारेट ओढली आणि नऊ वर्षांपूर्वी सोडली. म्हणून प्रामाणिकपणे ‘नाही’ वर खूण केली. धंद्याविषयी एकही प्रश्न नव्हता. घरी कोणते पाणी येते, पूर्वी कोणती औषधे घेतली, हेही नव्हते.

या आजाराच्या कारणांत तंबाखूच्या धुराचा वाटा इतर सर्वांहून मोठा आहे. अमेरिकेत साडेचार लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या पाहणीवर आधारलेल्या २०११ सालच्या अभ्यासात, कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या तुलनेत चालू धूम्रपान करणाऱ्यांना धोका साधारण चौपट आणि सोडून दिलेल्यांना दुपटीहून थोडा अधिक आढळला, आणि जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार धूम्रपानाच्या खाती जमा झाला. धुरातली ती रसायने फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तेथून मूत्राशयात येतात, आणि लघवी तासन्‌तास साठून राहते त्या अस्तराला भिजवत राहतात. आजार तोंडात किंवा छातीतच न थांबता तिथेही का होतो, याचे उत्तर त्या साठवणीत आहे. म्हणजे माझ्या चार पानांतले सर्वांत वजनदार वाक्य ‘सोळा वर्षे ओढून नऊ वर्षांपूर्वी सोडली’ हे असायला हवे होते, आणि तेच लिहायला रकाना नव्हता. दुपटीची गोष्ट वगळून १.४ पटीची गोष्ट नारिंगी तबकडीवर दाखवणे म्हणजे घराला लागलेली आग सोडून चुलीतला निखारा मोजणे आहे.

धंद्याचे म्हणाल तर ती गोष्ट आमच्या घरात अधिकच खोल जाते. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत बाबांची सूत रंगवण्याची भट्टी होती. आजूबाजूचे कोष्टी विणकर सुताच्या लडी आणून देत, बाबा त्या उकळत्या कढईत बुडवून काठीने फिरवीत आणि मागच्या मोकळ्या जागेत दोऱ्यांवर वाळत घालीत. १९६५ च्या सुमारास सुरू झालेली ती भट्टी १९८८ पर्यंत चालली. शाळेच्या सुट्ट्यांत आम्ही दोघे भाऊ लडी पिळायला बसत असू. शाळा उघडायची तेव्हा कोपरापर्यंत हात जांभळे असत आणि गुरुजी हसत. सुती धाग्यासाठी सोपा आणि स्वस्त म्हणून जो ‘डायरेक्ट’ रंग वापरला जाई, त्यातले लाल आणि काळे रंग बहुतेक बेन्झिडिनपासून बनत. त्या जातीचा पहिला रंग, काँगो रेड, १८८४ साली जर्मनीत तयार झाला, आणि असे रंग अंगात गेले की आतड्यातले जंतू आणि यकृत त्यांचे तुकडे करून बेन्झिडिन पुन्हा मोकळे करतात, हे पुढच्या शतकात सिद्ध झाले. बेन्झिडिन कातडीतूनही शोषले जाते. बाबांनी हातमोजे कधी वापरले नाहीत. हातमोजे विकत मिळतात हेच त्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते.

हे ज्ञान नवे नाही, याचा मला अधिक राग येतो. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली रंगाच्या कारखान्यात फुक्सिन नावाचा रंग बनवणाऱ्या कामगारांना मूत्राशयात गाठी झाल्याचे सांगितले होते. १९३८ साली संशोधक विल्हेम ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रसायन कुत्र्यांना देऊन त्यांच्या मूत्राशयात गाठी निर्माण करून दाखवल्या. १९७१ साली जपानमधून क्योटोच्या किमोनो रंगवणाऱ्या कारागिरांविषयी अभ्यास आला. हे कारागीर ब्रशाचे टोक ओठांनी ओले करून टोकदार करीत, आणि त्यांच्यात हा कर्करोग अधिक आढळला. बेन्झिडिन, बीटा-नॅफ्थिलअमाइन, फोर-अमिनोबायफेनिल आणि ऑर्थो-टोलुइडिन ही चारही रसायने आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे निश्चित झालेल्या गटात आहेत. भारतात बेन्झिडिनच्या रंगांवर बंदी आली ती १९९० च्या दशकात. तोवर आमची भट्टी बंद होऊन काही वर्षे लोटली होती. संपर्क आणि आजार यांत वीस-तीस वर्षांचे अंतर पडू शकते, त्यामुळे बंदीच्या वेळी बाबांना काहीच झालेले नव्हते.

अहवालातल्या आणखी दोन दोषांचा उल्लेख केला पाहिजे. एका चौकटीत ‘एफजीएफआर-३’, ‘टीपी-५३’ आणि ‘टर्ट’ ही जनुके ‘तपासली, दोष आढळला नाही’ असे हिरव्या अक्षरांत आहे. मूत्राशयाच्या गाठींत या जनुकांत बिघाड फार आढळतो हे खरे आहे, परंतु तो बिघाड जन्माने येत नाही. तो आयुष्याच्या ओघात मूत्राशयाच्या अस्तरातल्या एखाद्या पेशीत होतो आणि तेथेच वाढतो. तो लाळेत दिसणार नाही. माझ्या मूत्राशयात उद्या गाठ असली तरी ही चौकट हिरवीच राहील, आणि तिच्यावर विसंबून कोणी लालसर लघवीकडे दुर्लक्ष केले तर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मी कंपनीला विचारला आहे. दुसरा दोष याच्या उलट आहे. ज्या वारशाने मूत्रमार्गाच्या कर्करोगाची शक्यता खरोखर लक्षणीय वाढते, तो लिंच सिंड्रोम, विशेषतः त्यातला ‘एमएसएच-२’ जनुकाचा बिघाड, या चाचणीत तपासलेलाच नाही. त्यात मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडाच्या नळीतला कर्करोग, काही घरांत मूत्राशयाचाही, आणि त्याबरोबर मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. ही गोष्ट दुर्मीळ आहे, पण वारसा विकायचा तर आधी ती तपासायला हवी होती. त्याऐवजी २००८ साली आइसलँड आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी आठव्या गुणसूत्रावर शोधलेल्या आणि धोका जेमतेम सव्वापट करणाऱ्या जागेसारख्या डझनभर जागा घेऊन, युरोपीय लोकांच्या आकड्यांवर बेतलेले गुण मला, नागपूरच्या माणसाला, दिले आहेत.

सल्ल्याच्या पानावर कॉफी टाळा असे लिहिले आहे. कॉफीवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय १९९१ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घेतला होता आणि त्याच संस्थेने २०१६ साली तो मागे घेतला. मी कॉफी पुन्हा सुरू केली आहे.

पॅकेजमध्ये पंधरा मिनिटांचा व्हिडिओ सल्ला होता, त्यातली सात मिनिटे आवाज न आल्याने गेली आणि उरलेल्या वेळात सल्लागाराने माझाच अहवाल मला वाचून दाखवला. त्यानंतर आमच्या ओळखीच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी मला शहरातल्या एका रुग्णालयातल्या जनुकीय समुपदेशकाकडे पाठवले. पन्नास मिनिटांचे पंधराशे रुपये घेतले गेले, आणि या संपूर्ण प्रकरणात वसूल झालेले पैसे तेवढेच. तिशीतली मुलगी होती. अहवाल तिने बाजूला ठेवला, कोऱ्या कागदावर आमचा वंशवृक्ष काढला आणि पहिला प्रश्न विचारला: “काका, बाबा कोणतं काम करायचे?”

मी रंगाची भट्टी म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवले आणि ‘किती वर्षे, कोणते रंग, तुम्ही स्वतः किती वर्षांचे असताना बसत होता’ असे एकामागून एक विचारले. मग घरातल्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाविषयी विचारले. कोणालाच नव्हता, म्हणून लिंच सिंड्रोमची महागडी तपासणी तुम्हाला लागत नाही असे तिने स्पष्ट सांगितले, जे विकणाऱ्याने सांगणे अवघड असते. वडिलांना आजार असल्यास मुलांचा धोका साधारण दुपटीच्या घरात जातो, पण त्यातले जनुकांचे किती आणि एकाच कढईत हात घालण्याचे किती हे वेगळे काढणे कठीण असते, हेही तिने सांगितले.

पाण्याचा प्रश्न तिने विचारला तेव्हा मी फ्लोराइडविषयी बोलू लागलो, कारण विदर्भात पाणी दूषित म्हटले की आपल्याला चंद्रपूर-यवतमाळकडचे पिवळे दात आठवतात. ती म्हणाली की या आजारासाठी फ्लोराइड नव्हे, आर्सेनिक पाहायचे असते. चिलीतल्या अँटोफागास्टा शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकने भरलेल्या नदीचे पाणी नळाने दिले गेले, आणि पाणी शुद्ध झाल्यानंतर अनेक वर्षांनीही तेथे मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू चढे राहिले. नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी येते. परंतु माझी बहीण गोंदियाच्या पलीकडे, छत्तीसगडच्या सीमेलगत राहते आणि अंबागड चौकीच्या पट्ट्यातल्या भूजलात आर्सेनिक सापडल्याचे जुने अहवाल आहेत, म्हणून बहिणीच्या बोअरचे पाणी तपासून घ्या असे समुपदेशकाने सुचवले. आर्सेनिकला चव नसते, रंग नसतो, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. बहिणीच्या पाण्याचा निकाल त्याच्या बराच खाली आला.

औषधांच्या यादीत तिने पायोग्लिटाझोन शोधले. मला मधुमेह आहे आणि हे औषध मी पूर्वी दोन वर्षे घेतले होते. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून केंद्र सरकारने जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि जुलैअखेर वेष्टनावर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा सुरू केली. ते सर्व मी वर्तमानपत्रात वाचून विसरलो होतो. घाबरण्याइतका काळ तुम्ही ते घेतलेले नाही, पण घरी मूत्राशयाचा इतिहास असताना पुन्हा कोणी लिहून दिले तर त्यांना सांगा, इतकेच ती म्हणाली. शेवटी, इजिप्तला किंवा आफ्रिकेत राहिला होता का, हा प्रश्न आला तेव्हा मला हसू आले. तेथे गोड्या पाण्यातला शिस्टोसोमा नावाचा जंत मूत्राशयात ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षांच्या जळजळीतून एका वेगळ्या प्रकारचा कर्करोग होतो. घरी येऊन वाचले तेव्हा कळले की भारतातले या जंताचे नोंदलेले एकमेव ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात, १९५० च्या दशकात सापडले होते. प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

तपासण्यांविषयी ती काटेकोर होती. लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य माणसाने या आजारासाठी नियमित चाळणी-तपासणी करून घ्यावी असा पुरावा नाही. मात्र रंगकामाचा इतिहास डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेला असावा, आणि लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी ते थांबण्याची वाट न पाहता मूत्रविकारतज्ज्ञाकडे जावे. हाच नियम बायकांनी अधिक कसोशीने पाळावा, कारण त्यांचे रक्त लघवीच्या जंतुसंसर्गाच्या नावावर जमा होते आणि निदान उशिरा होते.

राहता राहिला माझा मोठा भाऊ. तो हिंगणा रस्त्यावर गाड्यांना रंग मारण्याचे काम करतो आणि दिवसाला बिडीचे एक बंडल संपवतो. रंगाऱ्याचा धंदाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, फुप्फुस आणि मूत्राशय या दोहोंसाठी. लहानपणी कढईपाशी तो माझ्याहून चार वर्षे अधिक बसला. कंपनीने मला दोनदा फोन करून ‘फॅमिली पॅक’मध्ये त्याचा नमुना वीस टक्के सवलतीत घेण्याचा आग्रह केला. मी भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काहून रे, थुकायचे साडेआठ हजार देले तू?” त्याचे जनुक माझ्याशी निम्मे जुळतात आणि कदाचित त्याचाही काटा नारिंगीच निघेल; पण त्याला लागणारी वस्तू नळी नसून गॅसचा कार्ट्रिज असलेला मास्क आहे, जो मी त्याच पैशांच्या पावपटीत आणून दिला. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिच्यावर त्याने एकदा फोन केला, दुसऱ्यांदा केलेला नाही. बंडल अर्ध्यावर आले आहे असे वहिनी सांगतात.

ज्यांना तरीही ही चाचणी घ्यायची असेल त्यांच्यासाठी: मूळ पॅकेज पुरेसे आहे, ‘प्रीमियम’मध्ये केसांची पाने वाढतात. नमुना नष्ट करण्याची आणि माहिती पुसण्याची विनंती स्वतंत्रपणे करावी लागते. मला त्यासाठी तीन ईमेल आणि सव्वा महिना लागला, पण लेखी पोच मिळाली. पाचपैकी मी केंद्रातल्या मुलीला पाच, अहवालाला दीड आणि व्हिडिओ सल्ल्याला शून्य देतो. प्रश्नावलीत व्यवसायाचा रकाना घालावा, असे मी कंपनीला सविस्तर लिहून कळवले. उत्तरादाखल ग्राहक समाधानाचा अर्ज आला, आणि त्यात खरोखरच व्यवसाय विचारलेला होता. पर्याय चार होते: नोकरी, व्यापार, गृहिणी, निवृत्त.